पहिल्या चौदा दिवसांची वही

रिम्मा गेन्नादिएव्नाला कुणी काही शिकवायच्या भानगडीत पडत नसे. चौतीस वर्षं तिने सरकारी दवाखान्यात सुया टोचल्या होत्या आणि निम्म्या वस्तीची बुडं ती चेहऱ्याआधी ओळखायची. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी बर्फ वितळला की आणि पानं गळली की तिच्या जिन्यातले सगळे शेजारी तिच्याकडे यायचे. कुणाची कंबर, कुणाच्या नसा, कुणाला नुसतीच जीवनसत्त्वं. दहा दिवस रोज एक सुई. शेवटच्या दिवशी चॉकलेटचा डबा नाहीतर मुरंब्याची बरणी. सुई टोचता टोचता ती सल्लेही टोचायची, आणि त्याचं वेगळं काही घ्यायची नाही.

असल्या बाईच्या घरीच नेमकं दुखणं आलं. नवरा अर्कादी ल्वोविच हा नेवा नदीवरच्या पुलाचा मेकॅनिक. तीस वर्षं त्याने जहाजांना वाट द्यायला रात्री दीड वाजता पूल उचलले आणि पहाटे पाचला खाली ठेवले. आता त्र्याहत्तराव्या वर्षी डोकं सुटत चाललं होतं. आज कोणता वार, शेजारचा मित्या जिवंत आहे की मेला, काहीच धरून राहत नव्हतं. दीड वाजता उठायचं तेवढं मात्र पक्कं. ओव्हरकोट चढवायचा आणि दाराशी झटापट करायची, "सोड गं, जहाजं खोळंबलीत." रिम्माने दाराची किल्ली नाइटगाउनला आतून पिनने अडकवून ठेवली होती. तो तीन तास झोपला तर ती रात्र चांगली म्हणायची. ती स्वतः किती झोपत होती हे कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलंही नाही.

फेब्रुवारीत कुणीतरी सांगितलं की मेंदूच्या संस्थेत नवीन औषधाची चाचणी आहे, झोपेसाठी आणि डोक्यासाठी. रिम्मा दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला घेऊन तिथे हजर. बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून दोघं बाकावर बसली. बाकावर अशीच आणखी अकरा घरं होती, एक हरवलेला आणि एक त्याला धरून बसलेली.

डॉक्टरीण तैसिया ओलेगोव्ना म्हणजे छत्तीस वर्षांची काडी. नखं कुरतडलेली, डोळ्यांखाली काळं. तिने सगळ्यांना एकदम समजावलं. "हे पेप्टाइड आहे. प्रथिनाचा एवढासा तुकडा, चार मण्यांची माळ म्हणा. अजून तपासणीत आहे. उंदरांना त्याने झोप लागली, माणसांचं मला ठाऊक नाही. बाराही जणांना खरंच औषध देणार, पाण्याची सुई कुणालाच नाही. पहिले चौदा दिवस औषध नाही, फक्त वही लिहायची. किती झोपले, किती वेळा उठले, काय बोलले. मग साठ दिवस रोज सुई, आणि वही चालूच. शेवटी आम्ही दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघणार. फरक पडला असेल तर पुढे वर्षभर औषध मिळेल. तेव्हा वहीत खरं लिहा, एवढंच मागणं आहे. आणि हो, ज्यांचा आजार फार पुढे गेलाय त्यांना आम्हाला घेता येत नाही, हेही आत्ताच सांगते."

एवढ्या सगळ्यातून रिम्माच्या कानात काय शिरलं? शेवटचं वाक्य.

आणि का नाही शिरणार? आमच्याकडे अँब्युलन्स बोलावताना माणूस म्हाताऱ्याचं वय दहा वर्षांनी कमी सांगतो. ऐंशीच्या पुढचा म्हटलं की गाडीला उशीर होतो, असं सगळ्यांना आईच्या दुधातून ठाऊक असतं. फार आजारी दिसलात की कुणी हात लावत नाही. थोडे आजारी दिसा, म्हणजे बरे करतात. रिम्माने तर हे आतून पाहिलं होतं. महिनाअखेरी लशींचा आकडा भरला नाही की मोठ्या नर्सबाई म्हणायच्या, "रिम्मोच्का, टोचलेल्यांची यादी नीट लिही हं." नीट म्हणजे काय ते सांगावं लागायचं नाही. खरं लिहिणाऱ्या ल्युबाची खरडपट्टी निघाली, नीट लिहिणाऱ्या रिम्माचं नाव कौतुकाच्या फलकावर लागलं.

डॉक्टरीण आत गेली, आणि बाकावर पहिला प्रश्न झोया तिमोफेएव्नाने विचारला. ही पूर्वी ट्रॅममध्ये तिकिटं फाडायची, आणि रिम्मा नर्स होती हे तिने बसल्या बसल्या काढून घेतलं होतं. तिचा नवरा शेजारी बसून बोटातली अंगठी फिरवत होता. "रिम्मोच्का, तू आमच्यातली जाणती. माझा तर रात्री कपाटात मुततो. तसं लिहू?"

"वेडी की काय तू! कपाटाचं नावही काढू नकोस."

"मग?"

"मग काय, वाईट लिहायचं पण सभ्य वाईट. साडेपाच तास झोपला. दोनदा उठला, पाणी प्यायला, परत झोपला. तारीख चुकली, महिना बरोबर. म्हणजे त्यांना दया येईल आणि भीती वाटणार नाही."

"पण ती खरं लिहा म्हणाली."

"सगळेच म्हणतात. अगं, ही पहिली वही म्हणजे प्रवेशपरीक्षा. एकदा आत घेतलं की ती कपाटात पडते, तिच्याकडे कोण बघतंय! पुढे लिही की खरं, तुझा हात कुणी धरलाय?"

बाक सगळा कान देऊन ऐकत होता. एक कर्नलची विधवा बहीण, एक शाळामास्तर, आईला घेऊन आलेली एक जाडजूड मुलगी. त्यांच्या माना हळूहळू हलल्या. चौतीस वर्षांचा अनुभव फुकटात मिळतोय, कोण सोडणार? रिम्मालाही बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी तिचं ऐकत होतं.

चौदा दिवस तिने वही लिहिली. नर्सचं अक्षर, सुबक, एका रेघेत. तो दीडला उठून चारपर्यंत दाराशी कुस्ती करायचा, आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी ती लिहायची, "झोप पाच तास चाळीस मिनिटं. दोनदा जाग." आकडे ती रोज थोडे बदलायची. रोज तोच आकडा लिहिला की संशय येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाली रोजची सही. दुपारी नवऱ्याला टेबलाशी बसवून शिकवणी. डॉक्टरीण घड्याळाचं चित्र काढायला सांगणार हे तिला बाकावरच कळलं होतं. गोल काढ अर्काशा, वर बारा, खाली सहा, आता काटे. शंभरदा काढून घेतलं. लहान काटा, मोठा काटा. तो चिडायचा, पेन्सिल फेकायचा, मग बिचारा परत उचलायचा. चौदाव्या दिवशी संस्थेत त्याने डोळे मिटून काढावं तसं घड्याळ काढलं. लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द सांग म्हटलं तर तेही म्हणाला, कारण तेच तीन शब्द दर वर्षी विचारतात आणि सगळ्या शहराला पाठ आहेत.

तैसिया ओलेगोव्नाने वही चाळली आणि पहिल्यांदाच हसली. "किती नीटस लिहिलंय तुम्ही. बाकीच्यांना दाखवते नमुना म्हणून."

"सवयीने होतं हो," रिम्मा म्हणाली. बाहेर येऊन तिने झोयाला डोळा मारला. बारापैकी बारा आत.

रिम्मा नर्स असल्याने सुई घरीच द्यायची परवानगी मिळाली. संध्याकाळी सात वाजता रेडिओवर टुक् टुक् वाजलं की अर्कादी सोफ्यावर पालथा. कुपीची मान मोडायची, भुकटीत पाणी घालायचं, हलवायचं नाही, नुसतं तळहातात फिरवायचं. पहिले दहा दिवस काही नाही. अकराव्या रात्री तो दीडला उठला, कोट घातला, दाराशी गेला आणि स्वतःच परत येऊन झोपला. सतराव्या रात्री उठलाच नाही. रिम्मा दीडला सवयीने जागी झाली, आणि शेजारी तो घोरतोय हे ऐकून आधी घाबरली. जिवंत आहे ना म्हणून तिने नाकाशी हात धरून पाहिला.

तेविसाव्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात आला, दुधाचं भांडं नाकाशी धरलं आणि म्हणाला, "रिम्मा, हे दूध नासलंय."

एवढंच. पण नाव घेऊन. दीड वर्षात त्याने तिला आई म्हटलं होतं, बाई म्हटलं होतं, एकदा तर तिकीट तपासनीस समजून स्वतःचे खिसे चाचपले होते. रिम्मा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी हुंदके द्यायला लागली. आवरेचना.

"अगं, दुधासाठी रडतात का?" तो म्हणाला. "आणू की दुसरं."

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती चंगळ. तो सहा तास झोपायचा, कधी सव्वासहा. गळका नळ त्याने उघडून बसवला. मित्या मेला हे त्याला पुन्हा कळलं, आणि तो त्याच्यासाठी अर्धा दिवस नीट रडला, माणसं रडतात तसा. एकदा कोबीची पाई खाताखाता त्याने विचारलं, "मी बराच काळ इथे नव्हतो, नाही का गं?"

"दीड वर्ष."

"तू एकटीच होतीस?"

"मग काय, दुसरा नवरा करणार होते?" ती म्हणाली, आणि दोघं खोखो हसली.

सुयांच्या पहिल्या दिवसांत तिने जुनेच आकडे पुढे ओढले होते, आता मात्र वहीत ती खरं लिहीत होती. सहा तास. सहा तास दहा मिनिटं. लिहिताना तिला कोण अभिमान! लपवायचंय काय आता? झोयाचाही फोन यायचा. "कपाट कोरडं आहे गं बाई, कोरडं! तुझ्या तोंडात साखर पडो." सगळ्यांचीच गाडी रुळावर होती.

साठावा दिवस होता त्या सकाळी संस्थेत सगळ्यांना बोलावलं. टेबलावर केक होता, प्लॅस्टिकच्या कपांत चहा. रिम्माने डॉक्टरणीसाठी चॉकलेटचा सगळ्यात मोठा डबा आणला होता. वर्षभराच्या कुप्या ठेवायला घरच्या फ्रिजचा एक कप्पा तिने आधीच रिकामा करून ठेवला होता.

तैसिया ओलेगोव्ना उभी राहिली. केकला तिने हात लावला नव्हता. "तुम्ही सगळ्यांनी फार मेहनत घेतलीत, आभार. पण औषधाने काही केलेलं नाही. पहिल्या वहीत सरासरी झोप पाच तास छत्तीस मिनिटं. शेवटच्या वहीत पाच तास अठ्ठेचाळीस. बारा मिनिटं. स्मरणाच्या चाचण्या जिथल्या तिथे. काही जण मला भेटून सांगत होते की फार फरक वाटतो. वाटत असेलही. पण कागदावर नाही. पुढचं वर्ष मंजूर होणार नाही. आज संध्याकाळची सुई शेवटची."

कर्नलच्या बहिणीने चमचा कपात ठेवला तो आवाज सगळ्यांनी ऐकला. रिम्माला आधी वाटलं, पोरीने बेरीज चुकवली. मग एकेक आकडा डोक्यात जागेवर जाऊन बसला. दोन वह्या शेजारी ठेवणार, असं डॉक्टरीण पहिल्याच दिवशी म्हणाली होती. म्हणाली होती की. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि इथे तर एकीच्या शहाणपणाने बारा घरांचे बैल रिकामे.

रिम्मा उभी राहिली. "डॉक्टर, पहिली वही खोटी आहे."

"म्हणजे?"

"तीन तास झोपायचा तो. तीनसुद्धा नाही. मी साडेपाच लिहिले. घड्याळ मी घोटून घेतलं होतं. तुम्ही त्याला काढून टाकाल म्हणून लिहिलं सगळं." ती वळली. "आणि मी एकटीच नाही. झोया, सांग ना. कपाटाचं सांग."

झोयाचा चेहरा लालबुंद झाला. तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला. "कसलं कपाट? मी बाई जे दिसलं तेच लिहिलं."

"झोया!"

"माझ्या अंगावर नको ढकलू. सही केलीय आपण रोज. खोट्या सहीला काय होतं ठाऊक आहे ना तुला?"

शाळामास्तर केककडे बघत होता. जाडजूड मुलीने आईच्या ओठांवरचं केकचं क्रीम पुसलं, जे नव्हतंच. एकाने तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याने उघडलं असतं, पण आमच्याकडे पहिलं तोंड उघडणाऱ्याचं काय होतं हे प्रत्येकाला घरून ठाऊक असतं. रिम्माचा भयंकर संताप झाला. आणि त्यांच्या जागी ती असती तर तिनेही हेच केलं असतं, हे कळून जास्तच झाला.

सगळे गेल्यावर डॉक्टरणीने तिला आपल्या खोलीत नेलं. अर्कादी बाहेर बाकावर चॉकलेटचा डबा मांडीवर घेऊन बसला.

"हे सगळ्यांना तुम्ही शिकवलंत?"

"मी."

"सगळ्यांना?"

"बाकावर बसलेल्या सगळ्यांना." रिम्मा पुढे झुकली. "मी खरी वही लिहून देते ना. आज बसते, उद्या देते. मला एकेक रात्र आठवते, तैसिया ओलेगोव्ना. मी जागीच होते."

डॉक्टरीण हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "आणि मी ती मानू कशावर? तुमच्या शब्दावर? तुमचा शब्द आहे माझ्याकडे. चौदा सह्या आहेत. बाकीच्यांच्या वह्यांवर मला शंका आली होती, पण सगळे आकडे तुमच्या आकड्यांशी जुळत होते. म्हटलं, नर्स आहे, ती खोटं कशाला लिहील?"

"मग आता?"

"आता मी वर कळवलं की वह्या खोट्या आहेत, तर सगळी चाचणी रद्द, आणि ज्या डॉक्टरला बारा वह्या सांभाळता आल्या नाहीत तिला दुसरी कोण देणार? नाही कळवलं, तर औषध निरुपयोगी म्हणून फाइल बंद. तुम्हीच सांगा कुठलं करू." ती नख कुरतडायला लागली आणि मध्येच थांबली. "नऊ वर्षं घातली मी या औषधावर, रिम्मा गेन्नादिएव्ना. लागू पडलं होतं ना ते? खरंच?"

"नळ बसवला त्याने."

तैसिया ओलेगोव्नाने तोंड खिडकीकडे फिरवलं. "जा तुम्ही," ती म्हणाली. "कृपा करून जा."

संध्याकाळी सात वाजता रिम्माने साठावी कुपी फोडली. चौतीस वर्षांत तिची सुई कधी चुकली नव्हती, ती त्या दिवशी दोनदा टोचावी लागली, आणि अर्कादी उशीत तोंड खुपसून म्हणाला, "म्हातारी झालीस गं."

दुसऱ्या दिवशी सात वाजले तसा तो आपणहून पालथा पडला. "चल, टोच."

"संपलं औषध."

"कुणी बंद केलं?"

काहीही सांगता आलं असतं. पण आता पुरे झालं होतं खोटं. "मी," ती म्हणाली, आणि तिथेच सोफ्याच्या कडेला बसून तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो उठला, पँटची बटणं लावली, बराच वेळ लावतच राहिला.

"मी इतका वाईट होतो का गं, की मला लपवावं लागलं?"

"होतास."

"मग तेच लिहायचं होतंस ना," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. जेवायला बसला आणि ताट तसंच सरकवलं.

तिसऱ्या दिवशी सात वाजता तो पुन्हा पालथा पडला. कुणी बंद केलं? मी. इतका वाईट होतो का गं? चौथ्या दिवशी पुन्हा तेच, प्रत्येक वेळी नव्याने, प्रत्येक वेळी तितकंच लागलेलं. पाचव्या दिवशी रिम्माच्याने झालं नाही. "डॉक्टरांनी बंद केलं," ती म्हणाली.

"गाढव आहेत लेकाचे," तो म्हणाला.

"आहेत," ती म्हणाली, आणि त्या दिवशी दोघं नीट जेवली.

नवव्या रात्री त्याने कोट घातला. किल्ली परत नाइटगाउनला लागली.

बाराव्या दिवशी सातचं टुक् टुक् झालं तेव्हा तो खिडकीशी उभा होता. सोफ्याकडे वळला नाही. रेडिओवरच्या बातम्या सुरू झाल्या, संपत आल्या.

"अर्काशा, सात वाजून गेले."

"मग?"

"सुई नाही का विचारणार? कुणी बंद केली ते?"

त्याने तिच्याकडे सभ्यपणे पाहिलं.

"मी बंद केली," रिम्मा म्हणाली. "मीच केली रे. ऐकतोयस का? मी."

"असू द्या, असू द्या," तो म्हणाला, ट्रॅमच्या गर्दीत एखाद्या अनोळखी बाईचा पाय पायावर पडला तर म्हणावं तसं, आणि परत खिडकीबाहेर बघू लागला.